चौतीस तारा

अकरा वर्षांपूर्वी आलेल्या त्या पत्राचं उत्तर म्हाताऱ्या चेलोवादकाने कधी दिलं नव्हतं. पत्र चार ओळींचं, त्याला पाठ झालेलं. ‘त्या संध्याकाळी माझा हार्प खरंच बेसूर होता का? माझ्या कानावर माझा भरवसा उरला नाही, तुमच्या कानावर आहे. तुम्ही म्हणाल ते मी मानीन. गोगलगाय, एकदा तरी तोंड उघडा.’

गोगलगाय म्हणजे तोच. चेलोची पेटी पाठीवर घेऊन तालमीला आला, की हार्पवाल्या बाई म्हणायच्या, "आले बघा, घर घेऊन आले." तो लाजून हसायचा. पंचवीस वर्षं दोघं एकाच मंडळात जुन्या धाटणीची वाद्यं वाजवत होते.

त्या वाद्यांना तातीच्या, म्हणजे आतड्याच्या तारा. हवा जराशी बदलली तरी उतरणाऱ्या. म्हणून कार्यक्रमाआधी रिकाम्या सभागृहात बाई एकेक तार जुळवायच्या, आणि पहिला सूर त्याच्याकडून घ्यायच्या. त्या दिवशी सूर देणारा लोखंडी काटा तो घरीच विसरला होता.

"काटा कुठंय?"

"आहे की डोक्यात. इतकी वर्षं तोच सूर ऐकतोय."

"बघा हं. माझ्या चौतीस तारा तुमच्या जिवावर."

इतक्या ठामपणे तो आयुष्यात कधी बोलला नव्हता, आणि नेमका तेव्हाच चुकला. मंडळातल्या बासरीवाल्याची गाडी उशिरा आली. तो थेट रंगमंचावरच येऊन बसला. त्याच्या लाकडी बासरीचा सूर पक्का होता. पहिल्याच ओळीत म्हाताऱ्याला कळलं, आपण दिलेला सूर किंचित उतरलेला होता. त्याने तारेवरची बोटं केसभर सरकवली आणि तो बासरीला जाऊन मिळाला.

हार्पला असं सरकता येत नाही. बाई एकट्या पडल्या. त्यांनी एकदा मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याने समोरच्या कागदावरून डोळे उचलले नाहीत.

वर्तमानपत्रात छापून आलं, बेसूर हार्पने कार्यक्रमाचा विचका केला. मग ते पत्र. तो रोज उत्तर लिहायला बसायचा आणि ‘बाई,’ एवढं लिहून उठायचा.

आज सकाळी बाईंच्या भाचीचा फोन आला.

"काका, मावशीचा हार्प काढून टाकतोय. तुम्हाला हवाय का?"

"तारा आहेत त्याला?"

"कसल्या तारा! एकेक करून तुटल्या. मावशी नव्या लावूच देईना. म्हणायची, ज्याला कळतं तो गप्प बसला, त्यातच सगळं आलं."

त्याने विचारलं, "त्यांना पत्र लिहिलं तर चालेल?"

"लिहा की. पण आता तिला वाचता येत नाही. ऐकूही येत नाही. टपाल आलं की मात्र हातात धरून बसते. जाहिरातीचा कागद असला तरी."

त्याने टेबलाशी बसून एका दमात लिहिलं. ‘बाई, काटा मी विसरलो. सूर मी चुकीचा दिला. तुमच्या चौतीसच्या चौतीस तारा त्या सुराशी बरोबर जुळल्या होत्या. मला कळलं, तेव्हा मी तुम्हाला सोडून सरकलो.’

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्याने पाकीट टाकलं. ते तळाशी पडल्याचा आवाज नीट ऐकला. वळताना पाठीवरचं ओझं सावरायला त्याचा हात सवयीने मागे गेला. पाठीवर काही नव्हतं.