आमशाच्या नावाची पुडी

डॉक्टर सरलाबाईंनी आमशाच्या पाठीवर नळी टेकवली.

"श्वास घे."

त्याने घेतला. खोल, मोकळा. त्यांनी नळी दुसऱ्या बाजूला सरकवली, मग पुन्हा पहिल्या. क्षयाची काही खूण लागेना.

"खोकला?"

"शे ना बाई, हाई देखा." आमशा खोकला, नुसता घशातून.

थुंकीत जंतू होते यात शंका नव्हती. काच त्यांनी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. पण थुंकी सकाळची लागते, म्हणून ती घरून डबीत आणायची पद्धत होती. डबी आमशाने आणली, एवढंच त्यांना ठाऊक होतं. डबी दिली त्या दिवशी सरकारी दवाखान्यात रांग फार होती आणि त्याची छाती तपासायची राहून गेली होती.

आमशा प्रकाशा गावच्या शांतीलालभाईंकडे सालाने राबत होता. मालक हिवाळ्यापासून खंगत चालले होते आणि नंदुरबारच्या खाजगी डॉक्टरकडे सुया घ्यायला जात होते. अशक्तपणा, असं घरचे सांगत. त्यांच्या बहिणीचं लग्न आखाजीनंतर, अक्षय्य तृतीयेचा सण झाल्यावर होतं. घरात क्षय म्हटल्यावर ते मोडलं असतं.

"या गोळ्या शांतीलालभाई खातात?"

"नही बाई. मीच खास त्या गोळ्या."

"त्यांनाच येऊ दे. हे औषध सगळ्यांसाठी आहे. मी कोणाला सांगणार नाही."

"मालक आठे? आम्हना भिलस्नी रांगमा?" आमशाला हसूच आलं. मग त्याने सदरा अंगात घातला.

"गावात क्षयाचा रोगी म्हणून तुझं नाव झालंय. बायको कुठे आहे?"

"माहेरले गई. पोरले संगे लिसन."

"तिला तरी खरं सांगितलंस?"

तो सदऱ्याच्या गुंड्या लावू लागला. एक गुंडी चुकली, ती त्याने पुन्हा सोडवली.

सरलाबाईंनी पुडीतली एक गोळी त्याच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा पेला पुढे केला.

"मग माझ्यासमोर घे."

तो नाही म्हणेल, असं त्यांना वाटलं होतं. आमशाने गोळीकडे पाहिलं, बाहेरच्या रांगेकडे पाहिलं. गोळी तोंडात टाकून त्याने सगळं पाणी संपवलं आणि तोंड उघडून दाखवलं.

सरलाबाईंनी पुडी त्याच्याकडे सरकवली. ती कनवटीला खोचून तो दारापर्यंत गेला, थांबला आणि परत आला.

"बाई," तो हलक्या आवाजात म्हणाला, "एक कमी पडी. आखो एक गोळी द्या."