प्लेगचं गाणं

"काकू, एवढ्याशा पोरांना तुम्ही प्लेगचं गाणं का शिकवता?"

अक्षयाने विचारलं, आणि भिंतीशी उभ्या तिच्या मैत्रिणी तनू-वरदाने एकमेकींना चिमटे काढले. विचारून दाखव, तर मानलं तुला, ही पैज त्यांचीच. आणि शाळेच्या डिबेट टीममध्ये निवड झाल्यापासून अक्षया हल्ली कुणाला ऐकते कुठली!

लंडनजवळच्या पिनरच्या चर्च हॉलमधला शनिवारचा मराठी बालवर्ग. मीनाक्षीकाकूंनी इंग्रजी बालगीतच मराठीत आणलं होतं. गुलाबांचं रिंगण, खिशात फुलं, दोन शिंका, की सगळी पोरं धपकन खाली!

"प्लेगचं? काहीतरीच काय गं!"

"अहो, खरंच! गुलाब म्हणजे अंगावरची रॅश. फुलं वास लपवायला. मग शिंक, मग पडायचं. म्हणजे डेड!"

नेमका तेव्हाच छोटा विहान शिंकला.

"सत्य!" कुणाची तरी आजी म्हणाली. बोलण्यात शिंक आली की ते बोलणं खरं, हे आपल्याकडे ठरलेलंच. अख्खा हॉल हसला.

काकू तेवढ्या हसल्या नाहीत. विहानचा हात सोडून त्या खुर्चीवर बसल्या. कोविडच्या पहिल्या लाटेत काकूंचे यजमान रघुवीरकाका गेले, ते काकूंना शेवटचे दिसले टॅबलेटच्या स्क्रीनवर. हे अख्ख्या पिनरला ठाऊक होतं. अक्षयालाही होतं. बोलण्याच्या भरात तेवढं नेमकं ती विसरली.

अक्षयाच्या आईने मात्र तिच्या बोलण्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ कौतुकाने मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला: 'आमच्या अक्षयाचा अभ्यास!'

पुढच्या शनिवारी फेर नव्हताच. काकूंनी पोरांना चित्रं रंगवायला दिली आणि पालकांना हळूच सांगितलं, "पुढचा शनिवार बालवर्गाचा शेवटचा हं. पोरं पडताना डोळ्यांसमोर आली की मला कसंतरीच होतं."

अक्षयाने ते ऐकलं. घरी येऊन तिने लॅपटॉप उघडला. आता तरी नीट वाचावं म्हणून. आणि पाहते तो काय! लोकगीतांचे अभ्यासक ही प्लेगची गोष्ट मानतच नव्हते. प्लेगच्या काळातल्या लिखाणात या गाण्याचा पत्ताच नाही. तो अर्थ चिकटला शेकडो वर्षांनी. मग खरा अर्थ? कुणालाच माहीत नाही. कदाचित गरगर फिरून पडायची मजा, बस्स. आणि तिने शाळेच्या कॉरिडॉरमध्ये ऐकलेलं छातीठोकपणे फेकलं होतं!

रात्री ताटातला भात तसाच.

"डिबेटच्या फायनलचं टेन्शन का गं?" बाबांनी विचारलं. "शनिवारी पहाटे निघू, ब्रिस्टल काही लांब नाही."

"बाबा, मी नाही जाणार. वरदा टीममध्ये राखीव आहे, माझ्या जागी ती बोलेल, विचारलंय मी तिला."

"डोकं फिरलंय का तुझं?" आई ओरडली. "काकूंना फोन कर, सॉरी म्हण, झालं!"

"मी फोनवर नव्हते बोलले, आई. सगळ्यांसमोर बोलले. तो व्हिडिओ काढून टाक. शनिवारी मी बालवर्गात जाणार. माझी माहिती चुकीची होती, ते सगळ्यांसमोरच सांगणार."