घरचं ऑईल

सिद्धलिंग आणि त्याचा मेव्हणा रेवणसिद्ध यांच्यात विस्तव जात नव्हता. दोन बाप्ये एकमेकांना पाण्यात पाहत असतील तर खुशाल पाहू द्यावं, त्यानं जगाचं काही अडत नाही. पण इथं अडत होतं सुधारानीचं. एकाची ती बायको, दुसऱ्याची बहीण, आणि आपल्या भांडणात तिचं काय होतंय हे त्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात येत नव्हतं.

मंठाळ गावी सिद्धलिंगच्या घरात सुनेनं एकटीनं माहेरी जायची रीत नव्हती. नवऱ्यानं पोचवावं, नाहीतर भावानं न्यायला यावं. सिद्धलिंग काही हौसेनं बायकोला माहेरी नेणाऱ्यांतला नव्हता. पण रेवणसिद्धचं दुबलगुंडीत गॅरेज होतं आणि सिद्धलिंगच्या गाडीचं ऑईल तिथंच बदललं जाई. गाडी गॅरेजात लागली की सुधारानी गॅरेजमागच्या घरात आईजवळ जाऊन बसे. आई, चन्नव्वा, कानानं जवळजवळ बहिरी झाली होती, कानाशी ओरडलं तरच थोडंफार ऐकू येई. फोनवर तिला काही कळत नसे. लेक समोर बसली, तिनं हात हातात घेतला, तरच ती भेट. म्हणजे गाडीला ऑईल लागेल तेव्हाच सुधारानीला आई मिळायची, आणि हे ती कुणाला बोलून दाखवत नव्हती. बोललं असतं तर घरात हसले असते.

गेल्या खेपेला रेवणसिद्धनं दाजीची गाडी बाजूला लावून आधी एका जीपवाल्याचं काम धरलं. जावयाला टायरवर बसून वाट बघावी लागली. सिद्धलिंगच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चार गिऱ्हाइकांदेखत तो म्हणाला, "ह्यो ऑईल बदलतच न्हाई. जुनंच गाळून परत वततोय."

रेवणसिद्धनं हातातला पाना खाली टाकला. "मग घरी बदला की. हात न्हाईत व्हय तुम्हाला?"

उचलली जीभ लावली टाळ्याला, दोघांचंही तसंच. त्या दिवशी सिद्धलिंगनं सुधारानीला आईच्या हातचा चहासुद्धा पुरता पिऊ दिला नाही. त्यानंतर पावसाळा गेला, तुरी निघाल्या, पण गाडी दुबलगुंडीकडे वळली नाही.

मग माघातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी सिद्धलिंगनं नव्या ऑईलचा डबा घरी आणला. अमावास्येला गाडी हुमनाबादला वीरभद्रेश्वराच्या दर्शनाला न्यायचा त्याचा नेम होता, आणि देवापुढं गाडी ताजं ऑईल घालूनच उभी करायची असं त्यानं ठरवलं. जेवता जेवता फोनवर कुणाचा तरी व्हिडिओ बघितला, तोही दुसऱ्याच गाडीचा. शिवाय घरात ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टरचं ऑईल तो स्वतः काढत असे, मग मोटारीत असं काय मोठं? आपला हात जगन्नाथ.

गोठ्यामागच्या चरीवर त्यानं गाडी आडवी घेतली आणि स्वतः चरीत उताणा पडला. ट्रॅक्टरचा अनुभव एवढाच सांगतो की सगळ्यात खाली असलेला सगळ्यात मोठा बोल्ट काढावा. तसा बोल्ट त्याला सापडला. त्यानं तो काढला आणि खाली घमेलं धरलं. घमेल्यात जे पडलं ते पिवळसर होतं, घट्ट होतं आणि त्याला उग्र वास होता.

सिद्धलिंग चरीतून बाहेर आला तो लढाई जिंकून आल्याच्या तोऱ्यात. "बघ आई, बघ. एवढे दिवस गाडी पळाली तरी ऑईल कसं सोन्यागत हाय. बदलायची गरजच नव्हती. तो लबाड आपल्याला उगंच बोलवायलाय."

त्याची आई नागम्मा ओट्यावर तूर निवडत होती. तिनं सुपातून नजर वर केली. "मी तवाच म्हणलं हुतं. सोयरा गोड बोलून कापतोय."

सुधारानी घमेल्यापाशी आली. लग्नाआधी तिनं भावाच्या गॅरेजच्या मागच्या दारातून शेकडो गाड्यांचं ऑईल पडताना पाहिलं होतं. इंजिनातून निघतं ते काळं असतं, काजळासारखं. हे इंजिनातलं नव्हे, हे गिअरबॉक्सचं. तिला ते वासावरून कळलं.

"इंजनचं काळं निघतंय," ती म्हणाली. "हे दुसरंच काहीतरी काढलाव तुम्ही."

"आली गॅरेजवाल्याची बहीण," सिद्धलिंग म्हणाला. "भावाची वकिली करायलीस व्हय?"

नागम्मा हसली. सुधारानीनं पुन्हा सांगितलं नाही. विसरली म्हणून नाही, घाबरली म्हणूनही नाही. तिला राग आला होता. एकदा सांगितलं, ते पुरे झालं.

सिद्धलिंगनं बोल्ट घट्ट आवळला आणि वरून इंजिनात सगळा डबा ओतला. आतलं काळं ऑईल होतं तसंच होतं, त्यावर हे नवं, आणि गिअरबॉक्स मात्र कोरडा. तपासायची कांडी बाहेर काढली तर ऑईल खुणेच्या पार वर चढलेलं. पण भरलेलं असलं म्हणजे बरंच, हा त्याचा हिशोब. हात पुसत तो बायकोला म्हणाला, "झालं. आता दुबलगुंडीचं तोंड बघायची गरज न्हाई."

ती आत गेली आणि चुलीपाशी नुसती बसून राहिली. त्या माणसाचा तिला इतका तिटकारा आला की भाकरी थापायला हात उठेना.

दुसऱ्या दिवशी गाडीला लिंबू-मिरची बांधून नवराबायको निघाले. बसवकल्याण मागं पडलं तशी गाडी आतून कण्हायला लागली. हमरस्त्याला लागल्यावर मागं धूर दिसू लागला. सिद्धलिंगनं गाण्याचा आवाज वाढवला. राजेश्वर ओलांडताना सुधारानी म्हणाली, "दर्शन झाल्यावर घडीभर दुबलगुंडीला जाऊ. अव्वेला बघून येते."

"गाडी तिकडं वळणार न्हाई."

"मला तरी तिथं सोडा."

"एकदा सांगितलेलं कळत न्हाई व्हय?"

पुढं दोन-तीन मैलांवर गिअर अडकला. सिद्धलिंगनं दांडा ओढला, ढकलला, शिव्या घातल्या. आतून करकर आवाज झाला आणि गाडी रस्त्याकडेला जाऊन थांबली ती थांबलीच. बॉनेट उघडलं तर तेलकट धुरानं त्याचा सदरा माखला.

त्यानं हुमनाबादच्या ओळखीच्या मिस्त्र्यांना एकामागून एक फोन लावले. पण अमावास्या होती. त्या भागात अमावास्येला गॅरेजं बंद, कुणी पाना हातात धरत नाही. देवाच्या नावानं दिवस निवडला होता, आता त्याच दिवसानं दगा दिला. शेवटी तो बायकोकडं न बघता म्हणाला, "लाव तुझ्या भावाला."

तिनं लावला. फोन दोघांना ऐकू येईल असा ठेवला.

"अण्णा, गाडी बंद पडली. राजेश्वरच्या पुढं हाव आम्ही."

"घरी बदललं व्हय ऑईल?" रेवणसिद्धला हसू आवरत नव्हतं. "आधी दाजीला म्हणाव, माझ्यावर घेतलेला आळ खोटा हुता म्हणून कबूल कर. मग अमावास्या असू दे, मी गाडी वढून नेतो."

"त्याला सांग," सिद्धलिंग गुरगुरला, "मागच्या खेपेला त्यानंच काहीतरी करून ठिवलं असंल."

"काय म्हणायलाय तो?" रेवणसिद्धनं तिला विचारलं.

"ऐक म्हणावं, नीट ऐक," सिद्धलिंग तिला म्हणाला.

दोघंही एकमेकांशी बोलत नव्हते. दोघंही तिच्याशी बोलत होते, आणि दोघांनाही ती दिसत नव्हती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर गाडी जळायची वेळ आली होती.

"अण्णा," ती मध्येच म्हणाली, "अव्वा कशी हाय?"

"अव्वेचं मग बघू. आधी त्याला कबूल करायला लाव."

 नवऱ्याकडून सुधारानीला आशा नव्हतीच. भावाकडून होती. आईच्या घरात राहणारा माणूस आईचं नंतर बघणार होता.

तिनं फोन सिद्धलिंगच्या हातात ठेवला. "तुम्ही दोघं बोला. आणि तुम्ही काल गिअरबॉक्सचं ऑईल काढलाव. मी सांगितलं हुतं."

हुमनाबादकडं जाणारी सरकारी बस येत होती. तिनं रस्त्याच्या कडेला जाऊन हात केला. बस थांबली.

"कुठं निघालीस?" सिद्धलिंग ओरडला. "लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या."

फोनमधून रेवणसिद्ध काय झालं, काय झालं विचारत राहिला. सुधारानी बसमध्ये चढली. कंडक्टरनं सरकारी बसमध्ये बायांना मिळतं ते फुकट तिकीट फाडून दिलं आणि पुढच्या बाईकडं वळला. हुमनाबादला तिनं बस बदलली आणि दुपारच्या जेवणाआधी दुबलगुंडीत उतरली.

चन्नव्वा दारातल्या बाजेवर उन्हाला बसली होती. लेकीला बघून तिनं दोन्ही हात पुढं केले, मग मान वाकडी करून तिच्या मागं रस्त्याकडं पाहिलं.

"गाडी कुठं लावली?"

सुधारानीनं हातानं सांगितलं, गाडी नाही.

"मग कुणाबरूबर आलीस?"

"एकटीच," सुधारानी तिच्या कानाशी ओरडून म्हणाली. "बसनं आले."

म्हातारीनं लेकीचा हात घट्ट धरला.

"बसनं येता येत हुतं," ती म्हणाली, "मग इतके दिवस कामून आली न्हाईस?"

 सुधारानी आईच्या शेजारी बाजेवर बसली.