सोबत एक पाहुणा

"अगंबाई! आता यांच्या बॅगेलासुद्धा पदक मिळालं!"

मित्रांनो, या जगात मी ऐकलेला हा पहिला आवाज. मला कान नाहीत हे मला ठाऊक आहे. पण लिफाफ्याचं तोंड फाटलं, आत उजेड सांडला आणि त्या उजेडाच्या मागोमाग हा हसरा आवाज आला, तो आजही माझ्या पत्र्यात घुमतो.

मी एक जुना सोनेरी बिल्ला आहे. प्रवासाच्या बॅगेच्या मुठीला चामडी पट्ट्याने बांधतात, तो. आता माझ्या कडा उडाल्या आहेत आणि सोन्याखालचा राखाडी पत्रा दात विचकतो. पण नवा होतो तेव्हा माझा थाट काय सांगू! एका मोठ्या पत्र्यातून आम्ही भावंडं ठकठक कापली गेलो, सोनेरी पाण्यात बुचकळून निघालो आणि चमचमत एका विमान कंपनीच्या कचेरीत जाऊन पडलो. जो माणूस सारखा विमानाने फिरतो, इतका की जमिनीवर कमी आणि ढगात जास्त असतो, त्याला ती कंपनी 'सोनेरी सभासद' करते. त्याच्या बॅगेवर मग माझ्यासारखा एकजण मिरवतो.

माझे मालक छापखान्यातली मोठमोठी यंत्रं दुरुस्त करायचे. कुठे यंत्र अडलं की फोन वाजायचा आणि मालक हत्यारांची थैली बॅगेत टाकून निघायचे. असे फिरता फिरता ते सोनेरी झाले.

लिफाफा उघडला तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर. मालकीणबाईंनी मला उजेडात उलटसुलट करून पाहिलं आणि बरोबर आलेली माहिती मोठ्याने वाचली. "सोनेरी सभासदाला विमानतळावरच्या लाउंजमध्ये प्रवेश. सोबत एक पाहुणा. अहो, पाहुणा म्हणजे कोण?"

"त्याच दिवशी, त्याच कंपनीच्या विमानाने जाणारा. कोणीही."

"कोणीही?"

"कोणीही."

शेगडीवर दूध वर येऊ लागलं होतं. मालक कपात बघत म्हणाले, "तुला कंटाळा येईल गं तिथे. नुसतं बसून राहायचं असतं."

"हो ना," मालकीणबाई म्हणाल्या आणि दूध उतरवायला वळल्या.

मला बॅगेला बांधलं मात्र त्यांनीच. घट्ट गाठ मारली, पदराने माझं तोंड पुसलं.

पुढे एकदा शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, "एवढे फिरतात हे, तुम्ही नाही का हो कधी जात?" मालकीणबाई पटकन म्हणाल्या, "छे हो! मला विमानाची भारी भीती वाटते." झालं! तेव्हापासून आईला विमानाची भीती, ही त्या घरातली म्हणच होऊन बसली. लेक चिडवायची, पाहुणे हसायचे, मालकही हसायचे. मला मात्र नवल वाटायचं. कारण हीच बाई लेकीला घेऊन उंच फिरत्या पाळण्यात बसायची, पाळणा थांबला की "आणखी एकदा!" म्हणायची आणि पोरीच्या आधी स्वतःच पुन्हा चढायची. बॅग भरतानाही त्या हळूच गुणगुणायच्या,

जाणाऱ्या रे पाखरा, आभाळ तुझं मोठं
सांजावता परतशील, ते झाड तुझं कोठं?

बॅगेची चेन ओढली की गाणं माझ्यापुरतं थांबायचं. मग सुरू व्हायची माझी मजा!

मित्रांनो, लाउंज म्हणजे विमानतळाच्या पोटातली राजेशाही बैठक. बाहेर गर्दी, रांगा, रडणारी पोरं, लोखंडी बाकं. आणि एक काचेचं दार सरकलं की पायाखाली मऊ गालिचा, वाफाळतं सूप, हवा तितका चहा, आणि समोर आख्खी भिंत काचेची! तिच्यापलीकडे विमानं अशी ये-जा करायची, जशी चिमण्यांनी अंगणात करावी. मी मुठीवर डुलत डुलत आत जायचो. काळ्याभोर, किमती बॅगा माझ्याकडे तिरक्या नजरेने बघायच्या आणि मी उगाच टिंग करून वाजायचो.

दारावर एक ताई बसायची. तिच्यापुढच्या यंत्राने तिकीट वाचलं की हिरवा दिवा लागायचा, नाहीतर लाल. मालकांना तिथले सारे नियम तोंडपाठ. कोणी दारात अडलं की हे सुरू: "चंदेरी सभासदाला फक्त परदेशी जाताना. सोनेरीला केव्हाही. पाहुणा एकच, आणि त्याचं विमान त्याच दिवसाचं पाहिजे. विमान सुटायच्या तीन तास आधीपासून, त्याआधी नाही. आणि विमानातून उतरून आल्यावर अजिबात नाही!" ताई हसायची. "नियमकाका, माझी नोकरी तुम्हीच घ्या आता!" तेव्हापासून ते नियमकाकाच झाले.

त्यांची खुर्ची ठरलेली. खांबाशेजारची, काचेकडे तोंड केलेली. तिला जोडून आणखी एक खुर्ची होती. तिच्यावर मालक बॅग ठेवायचे. म्हणजे मला! 'सोबत एक पाहुणा' म्हणतात तो मीच, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. केवढा फुगलो होतो मी! मालक सूप पीत काचेबाहेर बघायचे. कधीकधी माझ्याकडे बघायचे.

दिवस कोणाचे सारखे राहतात? यंत्रं बदलली. लांब बसून, पडद्यावर बघून ती दुरुस्त करणारी नवी माणसं आली. मालकांचे फोन कमी झाले. बॅग कपाटावर चढली आणि माझ्या अंगावर धूळ बसली. एका कोळ्याने माझ्या पट्ट्यापासून भिंतीपर्यंत घर बांधलं. लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. मला वाटलं, आटोपला आपला कारभार.

आणि एके सकाळी फोन वाजला. असा फोन की आख्खं घर उठून उभं राहिलं!

"आई, मुलगी झाली! ये ना गं, लगेच ये!"

"निघालेच!" मालकीणबाई ओरडल्या. त्या एकाच वेळी हसत होत्या, रडत होत्या आणि कपाटावरून बॅग ओढत होत्या. कोळ्याचं घर मोडलं, मी खाली आलो, धूळ नाकात गेली. मला नाक नाही, पण गेली.

"अगं, पण तुझी विमानाची भीती?" मालक म्हणाले.

मालकीणबाईंनी बॅगेवरचं जाळं झटकलं. मग म्हणाल्या, "असू दे. नात मोठी की भीती मोठी?"

मालकांच्या अंगात तर वारंच शिरलं. इतक्या वर्षांच्या विमानप्रवासात साठलेले सगळे पॉइंट त्यांनी खर्चून टाकले आणि बायकोसाठी विमानातली पुढची, रुंद, मऊ खुर्ची घेतली. घाबरेल बिचारी, निदान ऐसपैस तरी बसेल! स्वतःसाठी घेतली मागची, शेपटाजवळची. "आणि ऐक, या महिन्याच्या अखेरपर्यंत मी अजून सोनेरी आहे. तुला लाउंज दाखवतो. माझी खुर्ची दाखवतो!" एवढं बोलताना त्यांचा चेहरा शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरासारखा झाला होता.

निघताना मालकीणबाईंनी पुन्हा माझं तोंड पुसलं. विमानतळावर त्यांचे डोळे भिरभिरत होते. "अहो, हा जिना आपोआप चालतो! अहो, ते बघा, विमानाला शिडी लावली!" मालक पुढे, त्या मागे, मध्ये डुलणारा मी. काचेचं दार आलं. ताई तीच होती, केसांत थोडी चांदी आलेली.

"नियमकाका! किती दिवसांनी! आणि या काकू ना?"

"हो. आज पाहुणा आणलाय मी," मालक म्हणाले. त्यांनी छाती अशी काढली होती की शर्टाच्या बटणाचीच मला काळजी वाटली.

यंत्राने तिकीट वाचलं. लाल दिवा!

ताईने पुन्हा वाचून पाहिलं. पुन्हा लाल. ती हळू आवाजात म्हणाली, "काका, तुमचं सोनेरी सभासदत्व काल संपलं हो."

"असं कसं? मुदत महिनाअखेरपर्यंत असते!"

"पूर्वी असायची. यंदापासून ज्या तारखेला सभासद झालात, त्याच तारखेला संपते."

जन्मभर दुसऱ्यांना नियम शिकवणारा माणूस, त्याला नव्या नियमाने दारातच गाठलं. मुठीवरचा मालकांचा हात गार पडला, तो मला कळला.

तेवढ्यात ताईने काकूंचं तिकीट यंत्रापुढे धरलं. हिरवा दिवा! "काकू, तुम्ही या ना आत. तुमचं पुढच्या वर्गाचं तिकीट आहे, तुम्हाला प्रवेश आहे."

"वा! मग हे माझे पाहुणे," मालकीणबाई म्हणाल्या आणि नवऱ्याचा दंड धरून आत निघाल्यासुद्धा.

"नाही हो काकू. पाहुणा आणायची मुभा फक्त सोनेरी सभासदाला. नुसत्या तिकिटावर येणाऱ्याने एकट्यानेच यायचं."

"बरोबर आहे तिचं," मालक पुटपुटले.

"कोणी केला हा नियम? त्याला बायको नसणार!"

ताईला हसू फुटलं, पण दार काही उघडलं नाही. मालकांनी बॅग बायकोच्या हातात दिली. "तू जा. बघून ये सगळं. सूप छान असतं. माझी खुर्ची खांबाशेजारची."

दार सरकलं. मित्रांनो, मी कितीतरी दिवसांनी घरी आलो होतो! मालकीणबाई गालिच्यावर चपला जपून टाकत चालल्या. काचेची भिंत दिसली तेव्हा त्यांनी तोंडावर हात ठेवला. एक भलंमोठं विमान अगदी समोरून वळत होतं. मग त्यांनी खांब शोधला, खुर्ची शोधली आणि टेकल्या. आणि सहज, अगदी सहज, हातातली बॅग त्यांनी शेजारच्या खुर्चीवर ठेवली.

ठेवली आणि माझ्याकडे बघतच राहिल्या.

मग त्यांनी मान वळवून सगळीकडे पाहिलं. प्रत्येक माणसाच्या शेजारी एकेक खुर्ची होती आणि प्रत्येक खुर्चीवर एकेक बॅग बसली होती. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. माझ्यासारखे कितीतरी बिल्ले तिथे चमकत होते. त्या दिवशी मला पहिल्यांदाच कळलं की मी पाहुणा नव्हतो. मी नुसता पाहुण्याच्या जागेवर ठेवलेला होतो.

मालकीणबाई उठल्या. चहाला हातही लावला नाही.

"एवढ्यात निघालात काकू?" दारावर ताईने विचारलं.

"पाहिलं सगळं. माझे पाहुणे बाहेर ताटकळलेत."

मालक बाकावरून धडपडत उठले. "काय गं? सूप घेतलंस? खुर्ची सापडली?"

"सापडली. चला, चहा पाजा मला."

त्यांनी उभ्या उभ्या कागदी कपातून चहा घेतला. गर्दीत कोणाचातरी धक्का लागला, थोडा चहा माझ्यावर सांडला आणि दोघं खळखळून हसली. तेवढा गोड चहा माझ्या अंगावर कधीच सांडला नव्हता!

विमानाच्या फाटकाशी मालकीणबाई तिथल्या माणसाला म्हणाल्या, "दादा, मला मागे, यांच्याशेजारी जागा हवी."

"काकू, पुढची जागा सोडून मागे? लोक उलटं मागतात!"

"आमची चालच उलटी. बघा ना जरा."

मालकांच्या शेजारची जागा एका ताडमाड उंच माणसाची होती. पुढची रुंद खुर्ची मिळतेय म्हटल्यावर तो उडालाच. "आज उठल्या उठल्या कोणाचं तोंड पाहिलं होतं मी!" म्हणत तो लांब ढांगा टाकत पुढे पळाला, आमचं मन बदलायच्या आत.

आता मी समोरच्या आसनाखाली आहे, मालकीणबाईंच्या पायांशी. विमान धावपट्टीवर वळतंय. मित्रांनो, गोष्ट संपवताना आम्ही जुन्या वस्तू काहीतरी मागतो, अशी रीत आहे. मला पुसून ठेवा, असं मी मागणार नाही. माझी मुदत कालच संपली. मागणं एवढंच की तुमच्या शेजारी एखादी खुर्ची रिकामी असेल, तर तिच्यावर बॅग ठेवण्याआधी एकदा घराकडे वळून बघा.

यंत्रं गरजली. सारं अंग थरथरू लागलं, मी टिंगटिंग वाजू लागलो. मालकांनी बायकोचा हात घट्ट धरला. "घाबरू नकोस हं. मी आहे."

मालकीणबाईंचं नाक खिडकीला चिकटलं होतं. चाकं सुटली, जमीन खाली गेली, घरं काडेपेट्यांएवढी झाली. "आई गं! अहो, बघा, बघा ना! तो रस्ता बघा, दोऱ्यासारखा!" त्यांचं सारं तोंड उन्हाने भरून गेलं होतं.

मालक त्यांच्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "तुला तर मुळीच भीती वाटत नाहीये."

मालकीणबाईंनी खिडकीवरून तोंड वळवलं. हात सोडवला नाही.

"मला विमानाची भीती कधीच नव्हती हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकदा 'चल' म्हणाल, म्हणून थांबले होते."