रोसेंदाच्या नवसाचे केस

मी टोप बोलतोय. भात शिजवायचा नव्हे, केसांचा. हसायचं ते आत्ताच हसून घ्या, कारण मला एका जागी फार वेळ राहवत नाही.

माझा जन्म रोसेंदाच्या डोक्यावर झाला. बुलाकान प्रांतातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात ती धुरावलेले मासे विकते. लग्नाला बरीच वर्षं होऊनही तिची कूस उजवली नव्हती. शेवटी ती आमच्या रीतीप्रमाणे चर्चमधल्या सांता क्लारापुढे, म्हणजे संत क्लारापुढे, नाचली आणि म्हणाली, "पोर दे, माझे केस घे." मुलगी झाली. तिचं नाव तिनं क्लारिता ठेवलं आणि मला मुळाशी कापून चर्चमध्ये नेऊन दिलं. तिथं माझा टोप विणला आणि मी सांता क्लाराच्या मूर्तीच्या डोक्यावर जाऊन बसलो.

मान मोठा, पण हलायची सोय नाही! मूर्तीची देखभाल लोला इस्काच्या घराण्याकडे. लोला म्हणजे आजी. ती सगळ्या गावाचीच आजी. मिरवणुकीआधी ती मला उतरवून विंचरायची, तेवढंच काय ते सुख. बाकी दिवस खाली अंडी ठेवणारी माणसं बघायची. आमच्याकडे लग्न असो की कोंबड्यांची झुंज, पाऊस पडू नये म्हणून सांता क्लाराला अंडी देतात. एरवी वर्षभर कुणी फिरकत नाही, आणि आभाळ भरून आलं की टोपल्या घेऊन हजर.

पुढे परदेशात नर्स असलेल्या कुणीतरी सोनेरी कुरळ्या केसांचा नवा टोप पाठवला. तो मूर्तीवर चढला आणि माझी रवानगी बिस्किटांच्या डब्यात झाली. काळोख, डांबरगोळ्या आणि कान देऊनही काही ऐकू न येणं. त्या दिवसांत माझा जीव नुसता तळमळला.

डबा उघडला तो क्लारितानंच. ती आता कॉलेजात होती आणि बँडमध्ये गात होती. सणासाठी चर्चच्या पोरांनी सांता क्लाराच्या आयुष्यावर रॉक संगीतिका बसवली होती, आणि क्लारा तीच होती. दिग्दर्शक जुनजुन, गिटारही त्याचं आणि संत फ्रान्सिसही तोच.

"मोठ्या घरची पोर घर सोडून पळते, फ्रान्सिस तिचे केस कापतो, ती संन्यास घेते," तो तालमीत सांगत होता. "तिथं सगळी वाद्यं बंद. माईकवर फक्त कात्री ऐकू आली पाहिजे. खरी कात्री, खरी बट."

म्हणजे माझी! माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून तालमीत कात्री कुठं ठेवलीय, हेच मी बघत राहिलो.

रोसेंदाच्या कानावर गेलं, तशी ती माशांची टोपली टाकून तरातरा आली. त्या केसांवर लेक मिळाली; केस गेले तर लेकही हातची जाईल, ही भीती तिनं आयुष्यभर बाळगली होती.

"सांता क्लाराला ढोल बडवून नाचवताय, ते एक झालं," ती म्हणाली. "पण त्या केसांना कात्री लागली ना, तर मला आई म्हणू नकोस."

"मग येऊन बघ की, लागते का ते."

"मी? त्या गोंगाटात? तुझं गाणं म्हणजे फुटक्या सायलेन्सरची रिक्षा."

क्लारिता हसली, पण तिनं मला पिशवीत जरा जोरातच कोंबलं. तिचं गाणं सगळ्या गावानं ऐकलं होतं. आई एकदाही आली नव्हती.

खेळाच्या आदल्या दिवशी क्लारिता मला घेऊनच सांता क्लारापुढे गेली. अंडी ठेवली, ओठ हलले. "आणखी ठेव गं, आभाळ बघ," लोला इस्का म्हणाली. मलाही वाटलं, पोरगी उघाड मागतेय. खेळ चर्चच्या अंगणात उघड्यावर होता.

दुसऱ्या दिवशी पाऊस कोसळला. "अंडी पाण्यात गेली," म्हणत जुनजुननं सगळा पसारा बास्केटबॉलच्या मैदानावरच्या पत्र्याखाली हलवला. वर पत्रा वाजत होता, खाली ड्रम. क्लारिता उड्या मारत गात होती आणि तिच्या डोक्यावर मी सैरावैरा उडत होतो. इतकी वर्षं पुतळ्यावर काढल्यावर हे मला फार आवडलं. पण कात्रीचा प्रसंग जवळ येत होता, आणि मी प्रत्येक गाण्याला म्हणत होतो, अजून एक कडवं गा.

वाद्यं थांबली. क्लारिता गुडघ्यांवर बसली. त्याच क्षणी रोसेंदा आत आली. एका हातात छत्री, दुसऱ्यात बिस्किटांचा डबा.

"टोप भिजेल म्हणून आले," ती लोला इस्काला म्हणाली. वाद्यं बंद असल्यानं ते सगळ्यांनीच ऐकलं. लोक हसले.

क्लारितानं मला डोक्यावरून उतरवलं. खाली तिचे स्वतःचे केस होते. चाप काढले तसे ते कमरेपर्यंत आले. ती जुनजुनच्या हातातली कात्री घेऊन मंचावरून उतरली, मला आईच्या डब्यात ठेवलं आणि कात्री तिच्यापुढे धरली.

"तुझा नवस तू फेडलास. आता माझा आहे. तू काप."

"बाहेर धो धो पडतोय," रोसेंदा गोंधळली. "फळला कुठं तुझा नवस?"

"पावसाचं कुणी मागितलं होतं? तू ऐकायला यावंस, एवढंच मागितलं होतं."

रोसेंदानं छत्री टाकली आणि उघडा डबा लेकीच्या पाठीशी ठेवला. तिनं कात्री घेतली. क्लारिताच्या गळ्यातल्या माईकवर आईचा हुंदका आधी ऐकू आला आणि कात्री नंतर. ते केस माझ्या अंगावर येऊन पडले, अजून ऊबदार. मग ड्रम सुरू झाले आणि रोसेंदा मला मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसून राहिली.

लोला इस्कानं माझ्या विरळ जागी क्लारिताचे केस विणले आणि मला पुन्हा मूर्तीवर बसवलं. सोनेरी टोप आता डब्यात आहे. त्याची मला थोडी दया येते, फार नाही.

पण हे नवे केस मला स्वस्थ बसू देत नाहीत. मैदानावर तालीम सुरू झाली की आतून चुळबुळ करतात. तेव्हा अंडी घेऊन याल, तर आभाळाचं मागून झाल्यावर घरच्या पोरांचं गाणंही एकदा ऐकून या, कितीही कर्कश वाटलं तरी. आणि लोला इस्काची पाठ वळली की मला जरासं हलवून जा.