स्लॅबमधला बिडाचा तुकडा

गुरुबसप्पाला जगात दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक, त्याच्या कारखान्यातला टॉवेल धुतला तरी आटत नाही. आणि दुसरी, त्याच्या घरचा मैल्याचा पाइप बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा आहे. पहिली थाप होती, दुसरी खरी होती. वडिलांनी घर बांधताना काळाकुळकुळीत, जाडजूड पाइप वरच्या मजल्यापासून खाली गटारापर्यंत उभा केला होता, आणि गुरुबसप्पा आल्यागेल्याला चहाच्या आधी मागच्या पडवीत नेऊन तो दाखवायचा. वर चापट मारून म्हणायचा, "वाजवून बघा की! प्लास्टिक न्हाय हे." पाहुणा बिचारा संडासाचा पाइप वाजवायचा आणि त्याच हातानं बिस्किट खायचा.

पुढं वडील गेले आणि दोघा भावांची वाटणी झाली. खाली थोरला गुरुबसप्पा, वर धाकटा रेवणसिद्ध. भांडण काय मोठ्या इस्टेटीचं होतं असं समजू नका. दारावरच्या पाटीवर रेवणसिद्धचं नाव गुरुबसप्पाच्या नावाच्या खाली, पण जरा मोठ्या अक्षरात पडलं होतं, एवढंच. त्यावरून जे पेटलं ते पितळी बंबाच्या झाकणापर्यंत गेलं. बंब खाली, झाकण वर. पाटा खाली, वरवंटा वर. तेव्हापासून दोन्ही घरांत शेंगाचटणी मिक्सरची. छताची खालची बाजू थोरल्याची आणि वरची फरशी धाकट्याची, असंही पंचांनी ठरवून दिलं. मधल्या स्लॅबची जाडी कुणाची, हे मात्र कुणी विचारलं नाही. पंचांना जेवायची घाई होती.

त्या दिवसापासून दोघं बोलेनासे झाले. रेवणसिद्ध उठताबसता "अण्णा, अण्णा" करायचा, तो शब्द घरातून गेला. गुरुबसप्पा सगळ्यांना सांगायचा, "बरं झालं. कानाला आराम."

बीड कितीही बळकट असलं तरी शेवटी गंजतंच. यंदा पाइपला पडवीत वरपासून खालपर्यंत भेग गेली आणि स्वयंपाकघरात असा वास सुटला, की फोडणीला हिंग घातलाय का नाही हे पार्वतम्माला, म्हणजे गुरुबसप्पाच्या बायकोला, कळेना. गुरुबसप्पा पडवीत उभा राहून तुळशीला ऐकवायचा, "खाणारे वर, आणि भोगायचं आमी!" वरून रेवणसिद्ध कठड्यावरच्या कावळ्याला ऐकवायचा, "पाइप ज्याच्या हद्दीत फुटला त्यानं बघावं की." तुळस आणि कावळा दोघंही गप्प. मैला मात्र आपल्या वाटेनं येत होता.

तेवढ्यात मोडनिंबहून शिवलीलेला स्थळ आलं. शिवलीला म्हणजे गुरुबसप्पाची एकुलती एक पोरगी, बँकेत नोकरीला. मुलगा कुमार, घरचा ऊस, केळी, हायवेवर दुकान. पोरापोरीची फोनवर पसंती कधीच झाली होती. आता मोठ्यांनी सुपारी फोडायची तेवढी बाकी. पण कुमारचा बाप भारी चिकित्सक माणूस. त्यानं फोनवरच बजावलं, "आमाला भाऊबंदकीचं घर नगं. थोरल्या पोराची सासुरवाडी तसलीच निघाली, लग्नात दोन्ही चुलते मांडवात हाणामाऱ्या करत होते. तुमाला भाऊ किती?"

गुरुबसप्पानं फोन दुसऱ्या कानाला लावला. पोरगी दाराशी उभी होती, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "मी एकलाच."

"मग वर कोण ऱ्हातंय म्हणं ते?"

"भाडेकरू."

झालं! एका शब्दात सख्खा भाऊ भाडेकरू झाला. शिवलीला फोन ठेवल्यावर बापावर लई चिडली. "काकांनी मला सायकल शिकवली, आप्पा! आणि ते भाडेकरू?" गुरुबसप्पा म्हणाला, "लगीन होऊ दे, मग सांगू की. तुझ्याच भल्यासाठी बोललो." पोरगी रडली, रागावली आणि शेवटी गप्प बसली. तिलाही कुमार हवाच होता.

आता पावणे येणार म्हटल्यावर पाइप बदलणं आलं. गुरुबसप्पानं बिस्मिल्ला प्लंबरला बोलावलं. बिस्मिल्ला हसतमुख माणूस, कामापेक्षा गप्पा जास्त. त्यानं खालचा पाइप तोडून करड्या रंगाचा नवा पीव्हीसीचा पाइप थेट छतापर्यंत उभा केला आणि म्हणाला, "मालिक, स्लॅब के अंदर का बिड का टुकडा पूरा सडेला है. वो काडे बगैर फायदा नै."

"तो तुकडा माझ्या हद्दीत न्हाय."

बिस्मिल्ला वर गेला. रेवणसिद्धला खाली नवा पाइप चढताना दिसला होताच, आणि थोरल्यापेक्षा मागं कसं राहायचं म्हणून त्यानंही दुसऱ्या प्लंबरकडून आपल्या फरशीपासून वरचा पाइप बदलून घेतला होता, पांढराशुभ्र. त्यानंही सांगितलं, "मदला तुकडा माझा न्हाय." म्हणजे बघा, खाली करडा, वर पांढरा आणि मधोमध वीतभर गंजका काळा. दोन नव्या पाइपांच्या मधे तो बापाचा तुकडा बेवारशासारखा राहिला.

गुरुबसप्पानं डोकं चालवलं. सांध्याला सिमेंट थापलं आणि वरून आपल्याच कारखान्यातला टॉवेल करकचून गुंडाळला. "आटत न्हाय, सुटत न्हाय," म्हणाला.

बिस्मिल्ला हात पुसत म्हणाला, "मेरे पाइप की ग्यारंटी मेरी. टावेल की तुमारी."

चाचणी घ्यायची राहिली होती. पण नळाला पाणी यायचा दिवस लांब होता, आणि आमच्या सोलापुरात नळाचं पाणी आल्याशिवाय कुणी भरली बादली संडासात ओतत नाही. ओतली तर बायको माहेरी जाईल. बिस्मिल्लानं वर जाऊन एक तांब्या मागितला. रेवणसिद्धच्या बायकोनं अर्धा दिला, तोही भांडी विसळलेला. तो सर्रकन खाली गेला. थेंब गळला नाही. गुरुबसप्पानं मिशीवरून हात फिरवला आणि काम पास केलं.

पावण्यांना बोलावलं ते पाण्याच्या दिवशीच. आमच्याकडं मुहूर्त मठातले स्वामी काढून देतात, पण तो पाळायचा का नाही ते नळ ठरवतो. सकाळपासून पार्वतम्मानं पिंप, घागरी, पातेली, सगळं भरून घेतलं आणि गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर, रटरटायला ठेवली. गुरुबसप्पानं वाटणीनंतर जिन्याच्या तोंडाशी लागलेल्या रेवणसिद्धच्या वेगळ्या पाटीवर आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण असं बांधलं, की नाव, आडनाव सगळं पानांत गडप. पार्वतम्मा हळूच म्हणाली, "अहो, भाऊजींना एक शबूद सांगा की, पावणे जाईस्तवर पाणी सोडू नका म्हणून. त्यांच्या घरात आज चादरी धुवायचं काम निघणार."

गुरुबसप्पा ताठ झाला. "भाडेकरूच्या पाया पडू व्हय?"

स्वतःचीच थाप स्वतःलाच पटायला लागली होती. माणूस एकदा घसरला की घसरतच जातो.

पावणे आले. कुमारच्या बापाचं पांढरंफेक धोतर, कपाळाला विभूती, खांद्यावर जरीकाठी उपरणं. सोबत बायको आणि कुमार. बोलणी झकास झाली. हुग्गीवर तूप पडलं, पावण्यांनी दोनदा मागून घेतली. सुपारी ताटात आली. फोडायच्या आधी पावणे म्हणाले, "हात धुवून येतो," आणि उठले. गुरुबसप्पा त्यांना मागच्या पडवीत घेऊन गेला. जित्याची खोड! नवा पाइप दिसल्यावर राहवेना, म्हणाला, "वाजवून बघा की."

पावण्यांनी पाइप वाजवला.

नेमक्या त्याच घटकेला वर रेवणसिद्धच्या बायकोनं चादरींच्या साबणपाण्याचा अख्खा टब मोरीत पालथा केला, आणि पाठोपाठ कुणीतरी संडासात मनसोक्त बादली ओतली. किती दिवसांनी पाणी आलं होतं! वरच्या पाइपात गडगडाट झाला. मधल्या तुकड्यानं एक उसासा टाकला आणि तो बसला. टॉवेल सुटला. आधी फेस आला, मग जे आलं त्याचं नाव जेवणानंतर घेऊ नये. पावण्यांचं जरीकाठी उपरणं होत्याचं नव्हतं झालं.

"अगं आई गं!" पावणे ओरडले.

वरून रेवणसिद्धनं वाकून बघितलं आणि बनियनवरच धडाधड जिना उतरून आला. कसली किळस नाही न् काय नाही, दोन्ही हातांनी त्यानं सांधा दाबून धरला आणि मान वर करून बायकोला ओरडला, "पाणी बंद कर!" त्याच्या कोपरावरून घाण ओघळत होती. गुरुबसप्पा नुसता खांबासारखा उभा.

"अण्‌..." रेवणसिद्धच्या तोंडून निघालंच होतं, तेवढ्यात पावणे उपरणं लांब धरून म्हणाले, "ह्ये व्हय तुमचं भाडेकरू?"

रेवणसिद्धनं थोरल्याकडं बघितलं. पहिल्यांदा त्याला कळलं नाही. मग कळलं, आणि त्याचं तोंड उतरलं. एक शब्द बोलला असता तर सुपारी तशीच ताटात राहिली असती, आणि त्याला तसा हक्कही होता. गुरुबसप्पा मनातल्या मनात सिद्धरामेश्वराला साकडं घालत होता. दारात शिवलीला हातात तांब्या घेऊन उभी होती. रेवणसिद्धची नजर तिच्यावर गेली आणि तिथंच थांबली.

"व्हय," तो म्हणाला. "भाडेकरूच. चूक झाली, मालक. आमच्या मंडळीला ठावं नव्हतं पावणे येणार ते. माफी करा."

पोरीच्या हातातला तांब्या खाली पडला. सगळ्यांना वाटलं, लाजली.

पावणे खूश झाले. नवं धोतर नेसून, गुरुबसप्पाच्या कारखान्यातला टॉवेल खांद्यावर टाकून ते पुन्हा पडवीत आले, तेव्हा रेवणसिद्ध सुतळीनं सांधा बांधत होता.

"शाबास! असला भाडेकरू मिळायला नशीब लागतंय. अगदी घरच्यासारखा की हो! किती वर्सं झाली हितं?"

"जन्मापासनं," रेवणसिद्ध म्हणाला.

"आँ?" पावण्यांनी गुरुबसप्पाला बाजूला घेतलं, पण आवाज काही बाजूला गेला नाही. "मग जपून ऱ्हावा. असलेच पुढं मालक होऊन बसत्यात. ह्याचं नाक बघा, तुमच्यासारखंच दिसायला लागलंय! वेळेत घर खाली करून घ्या."

गुरुबसप्पाला मान हलवावी लागली. हलवली. सुपारी फुटली, पेढे वाटले गेले. पार्वतम्मानं एक पेढा वर पाठवला. तो तसाच ताटलीत परत आला.

दुसऱ्या दिवशी बिस्मिल्ला आला. ह्या वेळी हद्द कुणी काढली नाही. स्लॅब फोडून बापाचा तो तुकडा काढला आणि वरपासून खालपर्यंत एकसलग पाइप बसला. वर पाणी सोडलं की आता खाली नुसती सळसळ ऐकू यायची. रेवणसिद्ध कामावर उभा होता, दोन वेळा बोललाही. "मालक, घमेलं सरकवा." "मालक, जरा बाजूला व्हा." आवाजात राग नव्हता, आणि गुरुबसप्पाला तेच सोसेना. जो शब्द नको नको म्हणून त्यानं इतकी वर्षं कानाला आराम दिला, त्यासाठी आता त्याचा कान आसुसला होता.

लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. निमंत्रकांत एकट्या गुरुबसप्पाचं नाव. भाऊच नव्हता ना! अक्षता पडायच्या वेळी मांडवात काका म्हणून कोण उभं राहणार, ह्यावरून शिवलीलेनं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. शेवटी गुरुबसप्पा स्वतः पत्रिका घेऊन वर गेला. वाटणीनंतर पहिल्यांदाच जिना चढला, आणि पाटीवरच्या वाळलेल्या डहाळ्या आपल्या हातानं काढून टाकल्या. दारात चपला काढल्या. कुठला मालक भाडेकरूच्या दारात चपला काढतो!

रेवणसिद्धनं दार उघडलं. "या मालक."

गुरुबसप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. "रेवण्या, चुकलो रे. लई चुकलो. आता तरी अण्णा म्हण की."

"पोरीचं लगीन होऊ दे," रेवणसिद्ध म्हणाला. "मांडवात तोंडातनं निसटलं तर पावणे काय म्हणतील? मालक म्हणायची सवय मोडायला नगं." त्यानं पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि पाकीट उलटून बघितलं. वर नुसतं 'श्री. रेवणसिद्ध' लिहिलं होतं.

"आडनाव लिहितो, दे हिकडं," गुरुबसप्पा गडबडीनं खिशात पेन शोधायला लागला.

"राहू दे मालक," रेवणसिद्ध म्हणाला. "भाडेकरूचं आडनाव कोण बघतंय?"