चार बोटांचं अंतर

लेकीला, मुक्ताला, पहिला मुलगा झाला, ते साल एकाहत्तरचं. बारशाला निघालेला रंगनाथ शिंपी नगरहून सुप्याकडे जाणाऱ्या एस्टीत अगदी मागच्या बाकावर बसला होता. मांडीवर जुन्या लुगड्याचं धडपं, आणि धडप्यात नातवासाठी शिवलेली कुंची. हिरव्या खणाची, कडेला लाल गोट, मागे झालरीला नऊ घुंगरं. केडगावला गाडी थांबली. एक म्हातारी कोंबड्यांची पाटी घेऊन चढत होती.

"आजे, कोंबड्यांचं तिकीट कोन काढनार?" कंडक्टर म्हणाला.

"अंडी दिली की काढतील त्या," म्हातारी म्हणाली.

गाडीतली माणसं हसली. रंगनाथही हसला, आणि तेवढ्यात मागून ट्रक येऊन धडकला.

ओलं धोतर पिळून झटकावं, तशी त्याची मान मागे गेली आणि पुढे आली. डोळ्यांपुढे क्षणभर काही दिसेना. मग दिसलं, तेव्हा म्हातारीचं कपाळ फुटलं होतं, कंडक्टरच्या तोंडातून रक्त येत होतं, आणि कोंबड्या सगळ्या गाडीभर झाल्या होत्या. रंगनाथने म्हातारीच्या कपाळाला आपला रुमाल बांधला आणि दोन कोंबड्या धरून दिल्या. पोलीस आले. जबाब घेताना त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय लागलं?"

"काय न्हाई," रंगनाथ म्हणाला, आणि त्याखाली सही करून दुसऱ्या गाडीने बारशाला गेला.

कुंची नातवाला बरोबर बसली. व्याह्यांनी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, शिवण कुठे सापडेना. रंगनाथने मनासारखं शिवलेलं ते शेवटचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला अंथरुणातून मान उचलता आली नाही. दोन्ही हातांनी डोकं धरून, घागर उचलावी तसं ते उचलून तो उठून बसला.

नगरच्या दवाखान्यात एक्सरे काढला. डॉक्टरने तो उजेडाला धरला आणि सांगितलं, हाड शाबूत आहे. शिरा दुखावल्या आहेत, त्या काही फोटोत येत नाहीत. गळ्यात घालायला एक जाड पट्टा दिला आणि म्हणाला, "मान खाली घालायची नाही."

शिंप्याने मान खाली घालायची नाही, म्हणजे करायचं काय? तिसगावच्या बाजारपेठेत तीस वर्षं रंगनाथ खाली मान घालूनच बसला होता. लोक त्याला चेहऱ्यापेक्षा टाळूवरून जास्त ओळखत. आता मशीनवर बसलं की अर्ध्या घटकेत मानेतून कळ निघे, ती खांद्यातून बोटांत उतरे, आणि सुई दोन दिसू लागे. मांजरपाटाच्या साध्या बंडीची शिवण वाकडी जाऊ लागली. गिऱ्हाईक तोंडावर बोलत नसे, पण पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जाई.

त्याचं दुखणं कुणाला दिसत नव्हतं, हीच त्यातली मोठी अडचण होती. ज्या म्हातारीचं कपाळ फुटलं होतं तिला टाके पडले, खूण राहिली. ह्याला ना टाका, ना खूण. समोर राहणारा गहिनीनाथ बाजारात हमाली करायचा. दोन मणाचं पोतं एका दमात पाठीवर घेणारा गडी. तो येता-जाता म्हणायचा, "काय रंगूशेठ, मान सरकारी झाली व्हय तुझी? वळायची तर अर्ज करावा लागतोय." त्यात वाईट हेतू नव्हता. पण रंगनाथ हसायला गेला की मान दुखायची.

एकट्या आईने विश्वास ठेवला. राहीबाई तेव्हा पंच्याहत्तरीची, डोळ्यांनी अधू. रोज दिवस मावळताना ती तव्यावर मीठ गरम करायची, फडक्यात बांधायची आणि चाचपत येऊन त्याच्या मानेवर ठेवायची.

"रगात न्हाई आलं म्हनून दुकत न्हाई व्हय?" ती म्हणायची. "बाळंतपनाच्या कळा कुनाला दिसत्यात? रंगा, हितं का? का जरा खाली?"

"हितंच, आई."

तिची बोटं बरोबर जागेवर जायची.

नगरचे गंधे वकील अपघाताचे दावे चालवत. कुणीतरी सांगितलं म्हणून रंगनाथ त्यांच्याकडे गेला. त्यांनी पोलिसातला जबाब वाचला आणि कपाळाला हात लावला. "काय नाही, असं लिहून दिलंत तुम्ही. तरी बघू. डॉक्टर आपल्या बाजूने बोलेल." ट्रकचा विमा होता, त्या कंपनीवर चार हजारांचा दावा लागला. तारखा पडत राहिल्या.

त्याच वर्षी मार्गशीर्षात राहीबाई गेली. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठलीच नाही. थोरल्या भावाने, राधाकृष्णाने, विस्तवाचं मडकं धरलं. धाकट्याने पुढचा खांदा द्यायचा, अशी त्यांच्या घरची रीत. तिरडी बांधून झाली तसा रंगनाथने गळ्यातला पट्टा काढला आणि खुंटीला अडकवला.

"पट्टा असू द्या की," त्याची बायको गोजरबाई हळूच म्हणाली.

"बैलावानी गळ्यात पट्टा घालून आईला न्हेऊ?"

त्याने वाकून बांबूला हात घातला. कळ डोक्यात गेली आणि तोंड पांढरं पडलं. गहिनीनाथने ते पाहिलं. तो त्याच्या मागे येऊन त्याच बांबूखाली उभा राहिला आणि तळहाताने बांबू वर उचलून धरला. गहिनीनाथ त्याच्यापेक्षा वीतभर उंच. "तू नुसता चाल," तो त्याच्या कानाशी पुटपुटला. घरापासून विसाव्याच्या दगडापर्यंत, आणि विसाव्यापासून ओढ्याकाठच्या स्मशानापर्यंत, बांबू आणि रंगनाथचा खांदा यांच्यात चार बोटांचं अंतर राहिलं. मागून कुणी खांदा बदलायला आलं की गहिनीनाथ डोळ्यानेच त्याला परतवी. रंगनाथ हात बांबूला लावून चालत होता. आईचा भार त्याला एकदाही लागला नाही.

आंघोळ करून तो उघड्या अंगाने ओट्यावर बसला, तेव्हा गोजरबाई धोतर द्यायला आली. बाकीच्या तिघांच्या खांद्यांवर बांबूचे लाल वळ उठले होते. हिने नवऱ्याचा खांदा पाहिला, धोतर त्याच्या हातात दिलं आणि आत गेली.

पुढे बहात्तरच्या उन्हाळ्यात एक दिवस कंपनीचा माणूस तिसगावला आला. चष्मा, तपकिरी बॅग, बोलायला गोड. स्टँडजवळच्या हॉटेलात बसून त्याने चार जणांना चहा पाजला आणि विचारलं, "रंगनाथ शिंपी माणूस कसा आहे?"

सोयरीक जुळवायला पाहुणे येतात, ते असंच हॉटेलात बसून गावाला विचारतात. आणि गावही ठरल्यासारखं चांगलं तेवढंच सांगतं, मुलगा तोतरा असला तरी मितभाषी म्हणतं. गहिनीनाथला वाटलं, पैसे द्यायच्या आधी कंपनी घर-माणूस पाहून घेतेय.

"रंगूशेठ? लाख मानूस!" तो पुढे सरसावून म्हणाला. "आवो, परवा मार्गशीर्षात त्याची आई गेली. घरापासून वड्यापोतर पुढचा खांदा त्याचा. कुनाला बदलू दिला न्हाई! असा ल्योक आजकाल कुठं बघायला मिळतोय का, सांगा तुमी."

"घरापासून ओढ्यापर्यंत?"

"मी सोता मागं हुतो की!"

त्या माणसाने सगळं लिहून घेतलं आणि खाली गहिनीनाथचा अंगठा घेतला. गहिनीनाथ शाई धोतराला पुसत थेट रंगनाथच्या ओट्यावर आला. "पेढे आन, रंगूशेठ. तुजं काम करून आलो!"

रंगनाथने ऐकलं. संपूर्ण अंग वळवून त्याने खुंटीकडे पाहिलं. तिथे त्या वेळी काहीच नव्हतं, पट्टा त्याच्या गळ्यात होता.

त्या साली पाऊस आलाच नाही. कापड शिवायला टाकणारं कुणी उरलं नाही, आणि गोजरबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. तीस वर्षं जिच्या हातात काजं-बटणांची सुई, तिच्या हातात हातोडी आली. पहिल्या आठवड्यात तळहात फुटले, मग घट्टे पडले. संध्याकाळी ती सुईत दोरा ओवायला बसे, आणि त्या बोटांना दोरा लागतच नसे.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत साक्षीची तारीख लागली. आठ दिवस आधी गंधे वकिलांनी रंगनाथला आणि गहिनीनाथला बोलावून घेतलं. कंपनीचा कागद त्यांच्यापुढे होता.

"ज्याने मैलभर तिरडी वाहिली, त्याची मान दुखते असं कोर्ट कशाला मानेल?" वकील म्हणाले. "खरं काय झालं?"

गहिनीनाथने खरं ते सांगितलं. सांगता सांगता त्याने आपल्याच तोंडात मारून घेतली. "माज्या जिभेला हाड न्हाई, साहेब."

"रडू नका. अजून काही बिघडलेलं नाही," वकील म्हणाले. "रंगनाथराव, तुम्ही शपथेवर एवढंच सांगायचं. हात लावला, खांदा दिला नाही. मग मी गहिनीनाथला उभा करतो. भार माझ्या हातावर होता, असं तो सांगेल. दावा उभा राहील."

घरी आल्यावर रंगनाथने गोजरबाईला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे होती. भाकरी उलटून झाल्यावर ती म्हणाली, "मला म्हाईत हाय. तुमच्या खांद्याला वळ न्हवता."

रंगनाथ तिच्याकडे बघत राहिला. "तवा बोलली न्हाईस."

"तवा काय बोलायचं?" तिने भाकरी निखाऱ्यावर टेकवली. "पर आता बोलते. आत्याबाई गेल्या त्या गेल्या. त्यास्नी काय कळतंय? मी जित्ती हाय, मला रोज खडी फोडायची हाय. खरंच तर सांगायचंय. खोटं कुटं बोलायचंय?"

तिचं म्हणणं बरोबर होतं. रंगनाथलाही ते बरोबर वाटलं. "सांगतो," तो म्हणाला.

कोर्टात गल्लीतली दहा-बारा माणसं आली होती. राधाकृष्ण पुढच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसला होता. गहिनीनाथ दाराशी उभा होता. डॉक्टरची साक्ष आधी झाली होती. गंधे वकिलांनी विचारलं ते रंगनाथने नीट सांगितलं, मशीन, कळ, दोन दिसणारी सुई. लिहिणारा कारकून मधूनमधून खिडकीबाहेर बघत होता. मग कंपनीचा वकील उठला. मोठा अदबीचा माणूस.

"रंगनाथराव, तुमच्या मातोश्री गेल्या, वाईट झालं. तुम्ही त्यांच्या तिरडीला खांदा दिलात?"

रंगनाथने तोंड उघडलं. आठ दिवस मशीनपुढे बसून त्याने ते वाक्य पाठ केलं होतं. हात लावला, खांदा दिला न्हाई. पाच शब्द. पण आता ते शब्द भावापुढे, गल्लीपुढे, एका परक्या माणसाच्या कागदात कायमचे बसणार होते. ह्या सगळ्या माणसांत मानेवर नेमक्या जागी बोट ठेवणारी एकच होती, आणि तिलाच आपण खांदा दिला नाही, हे शपथेवर सांगायचं होतं. त्याने दाराकडे पाहिलं. मान वळत नव्हती म्हणून तो पायांसकट सगळाच वळला. ते कुणी लिहून घेतलं नाही. दाराशी गहिनीनाथचा उजवा तळहात वर झालेला होता, अजून बांबू धरल्यासारखा.

"दिला," रंगनाथ म्हणाला.

"कुठपर्यंत?"

"वड्यापोतर."

"मध्ये बदलला?"

"न्हाई."

कारकुनाने ते भराभरा लिहून घेतलं. दोन वर्षं रंगनाथ खरं सांगत होता, ते कुणाला पटलं नव्हतं. हे मात्र लगेच पटलं.

गंधे वकिलांनी कागदांची गुंडाळी केली. बाहेर व्हरांड्यात गहिनीनाथ त्यांच्या आडवा आला. "मला बोलवा की साहेब. मी सांगतो, भार माजा हुता."

"आता तुला बोलावून मी माझ्याच माणसाला खोटं पाडू?" वकील म्हणाले, आणि पुढच्या कामाला गेले.

परतीच्या एस्टीत रंगनाथ आणि गहिनीनाथ पुढच्या बाकावर बसले. गाडी करंजीचा घाट चढली. मग गहिनीनाथ म्हणाला, "का रं असं केलंस?"

"एवढं तरी आईच्या नावानं राहू दे," रंगनाथ म्हणाला.

गोजरबाई नुकतीच कामावरून आली होती. केसांत, पापण्यांवर दगडाची पांढरी धूळ होती. "काय सांगितलं?" तिने विचारलं.

"दिला म्हनलं."

तिने रांजणातलं पाणी तांब्यात घेऊन हात धुतले आणि ताट वाढलं. तो जेवायला बसला तेव्हा ती त्याच्या मागे गेली आणि मानेवरच्या पट्ट्याचा बंद सोडू लागली. घट्टे पडलेल्या बोटांना बंद लवकर सुटेना.

"ह्यो काढून जेवत जा," ती म्हणाली. "घास उतरत न्हाई."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत हातोडी घेऊन ती कामावर गेली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत जात राहिली.

निकाल लागला. एक्सरेचे आणि औषधाचे मिळून एकशे बारा रुपये मंजूर झाले. बाकीचा दावा फेटाळला.

रंगनाथ शिंपी सन चौऱ्याहत्तर साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तापाने वारला. घरापासून ओढ्यापर्यंत पुढचा खांदा गहिनीनाथचा होता. त्याने तो कुणाला बदलू दिला नाही.